अठ्ठावीस हजार तीनशे चाळीस : शब्दांविना वाजणाऱ्या एका बँडची गोष्ट

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कानात सतत काहीतरी अडकवलेलं असतं. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, "मामू, हे ऐका. गाणं नाही, नुसतं वाजवणं आहे." मी हेडफोन घेतला आणि सवयीप्रमाणे आधी स्क्रीनवरचं नाव वाचलं. अल्बमच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'नो टायटल अ‍ॅज ऑफ १३ फेब्रुवारी २०२४ २८,३४० डेड'. म्हणजे १३ फेब्रुवारी २०२४ पर्यंत नाव नाही, मृत २८,३४०. मला क्षणभर वाटलं, कुठल्या तरी बातमीचं नोटिफिकेशन मध्येच वर आलंय.

"हा आकडा गाझाचा आहे का?" मी विचारलं.

"हो."

"कोण आहेत हे लोक?"

"कॅनडाचे. गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर असं बँडचं नाव आहे."

"मुसलमान आहेत?"

भाचा हसला. म्हणाला, "नाही मामू. त्यातला एक तर यहुदी घरातला आहे."

माझा तो प्रश्न मला नंतर बरेच दिवस टोचत राहिला. गाझातले मृत मोजायला मुसलमानच असलं पाहिजे, हे मी कधी ठरवलं होतं? त्या टोचणीतूनच मी या बँडचा तीस वर्षांचा इतिहास धुंडाळायला बसलो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, संगीतातलं मला फारसं कळत नाही. पण ज्या लोकांनी गाणारा माणूसच ठेवला नाही, ते इतकं सगळं कसं बोलून जातात, हा प्रश्न भाषेच्या मास्तरला पडणारच.

गोष्ट सुरू होते १९९४ मध्ये, माँट्रियल शहरात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातलं हे फ्रेंच बोलणारं मोठं शहर. एफ्रिम मेनक, मोरो पेझेंटे आणि माइक मोया या तिघांनी बँड काढला. नाव उचललं एका जपानी माहितीपटावरून. मित्सुओ यानागिमाची या दिग्दर्शकाने १९७६ मध्ये मोटरसायकलवर हुंदडणाऱ्या जपानी पोरांच्या एका टोळीवर तो काढला होता. त्या टोळीचं नाव 'ब्लॅक एम्परर'. त्याच वर्षी यांनी आपली पहिली कॅसेट काढली, फक्त ३३ प्रती. आमच्याकडे मुशायऱ्यातले नवखे शायर आपल्या संग्रहाच्या प्रती ओळखीपाळखीत वाटतात, तसला प्रकार.

योगायोग असा की, त्याच १९९४ मध्ये सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने 'पोस्ट-रॉक' हा शब्द रूढ केला. अर्थ सोपा आहे. वाद्यं रॉकचीच, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम. पण त्यांच्याकडून काम रॉकचं करून घ्यायचं नाही. कडवं नाही, ध्रुवपद नाही, पुढे उभा राहून माइक पकडणारा नायक नाही. गिटारने सूर सांगण्यापेक्षा वातावरण उभं करायचं. या लेबलाखाली पुढे खूप बँड आले, स्कॉटलंडचा मोग्वाई, टेक्ससचा एक्स्प्लोजन्स इन द स्काय. गॉडस्पीडचे लोक मात्र असल्या लेबलांवर कायम नाक मुरडत आले आहेत.

त्या काळचं माँट्रियल कसं होतं हे कळल्याशिवाय हे संगीत कळत नाही. क्युबेकने कॅनडातून बाहेर पडावं का, यावर ३० ऑक्टोबर १९९५ रोजी सार्वमत झालं आणि 'राहायचं' म्हणणारी बाजू ५०.५८ टक्क्यांवर, म्हणजे अगदी काठावर जिंकली. पैसेवाल्यांनी आधीच शहरातून पाय काढायला सुरुवात केली होती. कपड्यांचे कारखाने ओस पडलेले, भाडी स्वस्त. अशा रिकाम्या जागांमध्ये कलाकार पोरं घुसली. त्यातल्याच एका जागेत 'होटेल टू टँगो' नावाचा स्टुडिओ उभा राहिला. बँड वाढत वाढत नऊ जणांपर्यंत गेला: तीन गिटार, दोन बेस, दोन ड्रम, एक व्हायोलिन, एक चेलो. शिवाय पडद्यावर १६ मिलिमीटरची फिल्म फिरवणारा माणूस, तोही बँडचाच सदस्य मानला जातो.

१९९७ मध्ये इयान इलाव्स्की आणि डॉन विल्की या दोघांच्या नव्या 'कॉन्स्टेलेशन' कंपनीने यांची पहिली तबकडी काढली. नाव 'एफ शार्प, ए शार्प' आणि पुढे अनंताचं चिन्ह. एक बाजू एफ शार्प या सुराने सुरू होते, दुसरी ए शार्पने. अनंताचं चिन्ह असं, की दुसऱ्या बाजूच्या शेवटी सुई एकाच खाचेत अडकून गोल गोल फिरत राहते. तुम्ही उठून ती उचलत नाही तोवर संगीत संपत नाही. पहिल्या ५०० प्रती हाताने जोडलेल्या होत्या. प्रत्येक पाकिटात छापील कागद, चित्रं आणि एक नाणं घातलेलं. नाणं रेल्वेच्या रुळावर ठेवून गाडीखाली चपटं केलेलं. त्या नाण्यावर राणीचा चेहरा होता, तो आता उरला नव्हता. मला हे नाणं फार बोलकं वाटतं. भाषण एका ओळीचंही नाही, पण हातात घेतलं की म्हणणं कळतं.

आता आवाजाबद्दल. तो कागदावर सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. २००० साली आलेला 'लिफ्ट युवर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन' हा त्यांचा सर्वांत नावाजलेला अल्बम. दोन तबकड्या, सत्त्याऐंशी मिनिटं आणि रचना फक्त चार. पहिली 'स्टॉर्म' बावीस मिनिटांची आहे. सुरुवातीला एक गिटार अगदी हळू, विचारात पडल्यासारखी चार-पाच सूर पुन्हा पुन्हा वाजवते. मग व्हायोलिन येतं, चेलो येतो, ड्रमवर हलका हात पडतो, तुताऱ्या येतात. सूर तेच असतात, बदलत काहीच नाही, पण प्रत्येक फेरीला एक माणूस वाढतो. मोर्चा चौकातून निघतो तेव्हा पन्नास जण असतात आणि दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत रस्ता भरतो, तसं काहीसं. सहाव्या-सातव्या मिनिटाला सगळेच जण पूर्ण ताकदीने वाजवत असतात आणि आपण मान कधी हलवायला लागलो ते कळत नाही. आणि मग ते सगळं कोसळतं. उरते एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात वाजणारी रेकॉर्ड केलेली सूचना, कोरड्या बाईच्या आवाजात. वादळानंतर सरकारी दवंडी.

ख्याल ऐकणाऱ्याला ही चढण ओळखीची वाटेल: विलंबित, मग मध्य, मग द्रुत. कव्वाली ऐकणाऱ्याला तर आणखीच. एकच मिसरा पंधरा वेळा फिरवत कव्वाल ऐकणाऱ्याला जिथे नेऊन सोडतो, ते तंत्र हेच आहे. फरक असा की कव्वालीत तो मिसरा असतो, अर्थाचा खुंटा असतो. इथे खुंटा नाही. त्यामुळे वीस मिनिटांच्या शेवटी डोळ्यांत पाणी आलं तर ते कशासाठी आलं, ते तुमचं तुम्ही शोधायचं.

याच अल्बममध्ये 'स्लीप' नावाची रचना आहे. सुरुवातीला मरे ऑस्ट्रिल नावाचा एक म्हातारा न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या आठवणी सांगतो. पूर्वी तिथे काय रौनक होती, लोक समुद्रकिनाऱ्यावर झोपायचे, आता ते सगळं गेलं, एवढंच. मग गिटार सुरू होते आणि पुढे एका टप्प्यावर मेनक गिटारच्या तारांवर स्क्रू ड्रायव्हर घासतो. त्यातून जो आवाज निघतो तो माणसाच्या रडण्याच्या इतका जवळचा आहे की, पहिल्यांदा ऐकताना मी घरात मागे वळून पाहिलं. शब्द संपल्यावरच रडणं सुरू होतं, हे आपण मय्यतीच्या घरी पाहिलेलं असतं.

इथे काही वाचक मला थांबवतील. सर, तुम्ही मौसिकीची इतकी तारीफ करताय, ती जायज आहे का? या वादावर मी या ब्लॉगवर वेगळं लिहीन. तूर्त एवढंच, की इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि सरसकट मनाई केली नाही. मनात काय जागं होतं हे पाहा, असा त्यांचा कल आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी पुढचा भाग इतिहास म्हणून वाचावा.

बँडमध्ये गाणारा नसला तरी सुरुवातीच्या तबकड्यांमध्ये माणसांचे आवाज खूप आहेत. रस्त्यावर ओरडणारा धर्मोपदेशक, भटके, म्हातारे. १९९९ च्या 'स्लो रायट फॉर न्यू झिरो कॅनडा' या छोट्या तबकडीत एक गंमत आहे. ब्लेझ बेली फिनेगन तिसरा असं नाव सांगणारा एक अमेरिकन माणूस त्यात सरकारवर, न्यायाधीशावर संतापून बोलतो, घरातल्या बंदुका मोजून दाखवतो आणि शेवटी स्वतःची म्हणून एक कविता ऐकवतो. पुढे लोकांच्या लक्षात आलं की ती कविता बरीचशी आयर्न मेडन या बँडच्या 'व्हायरस' या गाण्यातली आहे, आणि त्या काळात आयर्न मेडनच्या गायकाचं नाव होतं ब्लेझ बेली! गाईडमधून निबंध उतरवून खाली स्वतःचं नाव घालणारी पोरं मला दर वर्षी भेटतात, त्यामुळे मी या माणसावर रागावू शकलो नाही.

त्या तबकडीच्या मुखपृष्ठावर हिब्रू अक्षरं आहेत, 'तोहू वा-बोहू'. तौरातच्या पहिल्या प्रकरणातले शब्द, सृष्टी घडण्याआधीची निराकार, उजाड अवस्था सांगणारे. खरं सांगतो, भाच्याने ते चित्र दाखवलं तेव्हा ती अक्षरं पाहून माझ्या कपाळावर आठी आली. आणि लगेच लाजही वाटली. उर्दू अक्षरं पाहून समोरच्याच्या कपाळावर येणारी आठी मी आयुष्यभर पाहत आलोय. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू का, म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने उर्दू राहू द्या असा निकाल दिला. त्या निकालावर आम्ही मिठाई वाटली. भाषेला मजहब नसतो हे मी वर्गात शिकवतो. मग हिब्रूला तो कुठून आला? चहाच्या टपरीवर कुणी 'यहुदी' हा शब्द शिवीसारखा वापरला तेव्हा मी किती वेळा गप्प बसलो, त्याचा हिशेब त्या मुखपृष्ठाने माझ्यापुढे ठेवला. झायनवादी राजकारण वेगळं आणि यहुदी माणूस वेगळा, हा फरक मला माहीत होता. बोलून दाखवायची वेळ आली की मी चहा संपवायचो.

आता मुद्द्याकडे येतो. संगीतात शब्द नसला की त्याचा अर्थ कुणीही पळवू शकतो. याच बँडचं उदाहरण घ्या. पहिल्या तबकडीत 'ईस्ट हेस्टिंग्ज' नावाची रचना आहे. व्हँकुव्हर शहरातला हा रस्ता गरिबी आणि नशेसाठी बदनाम आहे. रचना त्या रस्त्याची आहे. २००२ मध्ये डॅनी बॉयलच्या '२८ डेज लेटर' या सिनेमात तिचाच तुकडा घेतला गेला. माणूस इस्पितळात शुद्धीवर येतो, बाहेर पडतो, तर सगळं लंडन रिकामं. सिनेमा साथीच्या रोगाने पिसाळलेल्या माणसांचा. मी तो टीव्हीवर पाहिला होता आणि ते संगीत माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. एप्रिल २०२० मध्ये खिडकीतून सुनसान रस्ता पाहताना मला तेच आठवलं होतं. म्हणजे मी गॉडस्पीड आधीच ऐकलं होतं, पण त्यात मला व्हँकुव्हरचे बेघर दिसले नाहीत, पिसाळलेली माणसं दिसली. दोष माझा नाही, सिनेमाचाही नाही. वाद्यांना पत्ता सांगता येत नाही.

म्हणून या बँडने पत्ता कागदावर लिहिला. रचनेच्या नावात, पाकिटाच्या पाठीवर, आतल्या चिठ्ठीत. २००२ चा 'यांकी यू.एक्स.ओ.' हा त्याचा पहिला मोठा नमुना. 'यांकी' हे अमेरिकनांना उद्देशून वापरलं जाणारं स्पॅनिश रूप आणि यू.एक्स.ओ. म्हणजे न फुटलेला दारूगोळा. मुखपृष्ठावर विमानातून पडणारे बॉम्ब. पाठीवर बाण काढून दाखवलंय की संगीत विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे धागे शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांपर्यंत कसे पोचतात. पहिल्या रचनेचं नाव नुसती तारीख आहे: ०९-१५-००. खुलाशात लिहिलंय की हा एरियल शेरॉनचा हजार इस्रायली सैनिकांच्या गराड्यात हरम शरीफवर केलेला प्रवेश, ज्यातून दुसरा इंतिफादा पेटला.

इथे मास्तर म्हणून मला लाल पेन उघडावं लागतं. शेरॉन हरम शरीफवर गेला तो दिवस २८ सप्टेंबर २००० होता, १५ नव्हे. आणि कंपन्यांमध्ये बाण काढले म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही. असे बाण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज येतात. बाजू योग्य आहे म्हणून तपशील ढिला चालतो, ही सवय आपल्याकडेही आहे आणि ती आपल्याला महागात पडते. साक्ष द्यायची तर तारीख चुकून चालत नाही. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो. संगीत मात्र त्या अल्बममध्ये विलक्षण आहे. शिकागोत स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाने ते उतरवून घेतलं. माणसांचे आवाज एकदम गायब, फक्त वाद्यं, कोरडी आणि जड.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यात ओक्लाहोमा राज्यातल्या आर्डमोर गावी हे लोक पेट्रोल भरायला थांबले. पंपावरच्या बाईला त्यांची वेशभूषा, बोलणं, गाड्या पाहून वाटलं, हे दहशतवादी आहेत. तिने दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या हातात चिठ्ठी सरकवली, पोलिसांना बोलवा म्हणून. पोलीस आले. एफबीआयचे अधिकारी येईपर्यंत सगळ्यांना रोखून धरलं. गाडीत सरकारविरोधी कागद आणि काही फोटो मिळाले. चौकशी झाली, काही निघालं नाही, सोडून दिलं. पुढे एका कार्यक्रमात मेनकने प्रेक्षकांना हा किस्सा सांगितला आणि म्हणाला, आम्ही कॅनडाची गोरी पोरं होतो हे आमचं नशीब.

माझ्या वाचकांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. रेल्वेच्या डब्यात दाढीवाल्याच्या पिशवीकडे बघणाऱ्या नजरा आपल्याला पाठ आहेत. एवढंच आठवण करून देतो की, १५ सप्टेंबर २००१ रोजी अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावी दुसऱ्या एका पेट्रोल पंपावर बलबीरसिंग सोढी या शीख माणसाला, पगडीमुळे मुसलमान समजून, गोळ्या घातल्या गेल्या होत्या. पंप त्याचा स्वतःचाच होता. त्याच्या वाटेला चौकशीसुद्धा आली नाही. मेनकच्या त्या एका वाक्याची किंमत मला त्यामुळे जास्त वाटते. सुटका झालेला माणूस आपल्या हुशारीची कहाणी सांगतो. आपण कुणाच्या जागी नव्हतो म्हणून सुटलो, हे फार थोडे सांगतात.

त्यानंतर बँड थांबला. लोक आपापल्या दुसऱ्या कामांत गेले. २०१० च्या डिसेंबरमध्ये पुन्हा एकत्र वाजवू लागले आणि २०१२ मध्ये नवा अल्बम आला. त्यातली पहिली रचना वीस मिनिटांची, नाव 'म्लादिच'. ही रचना ते आधीपासून कार्यक्रमात वाजवत होते आणि चाहते तिला 'अल्बेनियन' म्हणत. छापताना नाव बदललं. रात्को म्लादिच म्हणजे जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका इथे आठ हजारांवर बोस्नियन मुसलमान पुरुष आणि मुलांची कत्तल करवणारा सर्ब सेनापती. सोळा वर्षं लपून राहिला, मे २०११ मध्ये पकडला गेला, २०१७ मध्ये हेगच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, २०२१ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. रचना ऐकली की तिची लय बाल्कन मुलखातल्या लग्नाच्या नाचासारखी वाटते, फक्त कुणी तरी तिच्यावरून रणगाडा नेलाय. बाजूला एकही ओळ खुलाशाची नाही. नाव वाचा, शोधा, स्रेब्रेनिकापर्यंत जा. माझा भाचा असाच गेला. १९९५ ला तो जन्मलाही नव्हता. बोस्नियात काय झालं हे त्याला शाळेच्या पुस्तकाने सांगितलं नाही, जुम्याच्या तकरीरीतही त्याने ते ऐकलं नव्हतं.

'म्लादिच'च्या शेवटी मात्र वाद्यं थांबतात आणि भांडी वाजू लागतात. खरोखरची भांडी. २०१२ च्या वसंतात क्युबेक सरकारने कॉलेजची फी वाढवली, विद्यार्थी रस्त्यावर आले, सरकारने मोर्चांवर निर्बंध घालणारा कायदा केला. मग माँट्रियलचे लोक रोज रात्री पातेली-कढया घेऊन दारात, बाल्कनीत उभे राहू लागले. आपल्याला यात नवल नाही. महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांनी सत्तरच्या दशकात मुंबईत काढलेले लाटणे मोर्चे आईबापांनी पाहिलेले आहेत. कत्तल करणाऱ्याच्या नावाची रचना स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर का संपते, याचं उत्तर बँडने दिलेलं नाही. मला ते योग्य वाटतं. वीस मिनिटं एका कसायाच्या नावाखाली काढल्यावर साध्या घरांतला आवाज ऐकायला बरा वाटतो, माझ्यापुरतं एवढं पुरे आहे.

या अल्बमला २०१३ मध्ये कॅनडाचा पोलॅरिस पुरस्कार मिळाला, ३० हजार डॉलरचा. हे लोक समारंभाला गेलेच नाहीत. निवेदन काढलं की मंदीच्या काळात मोटार कंपनीच्या फलकाखाली झगमगाट करून संगीताचं भलं होत नाही; पैसे क्युबेकच्या तुरुंगातल्या कैद्यांना वाद्यं मिळावीत म्हणून खर्च करू. पुरस्कार घ्यायचा नाही पण पैसे घ्यायचे, यावर तेव्हा लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही.

२०१५ चा अल्बम मी भरभर ओलांडतो. २०१७ आणि २०२१ च्या अल्बमसोबत मात्र मागण्यांच्या याद्या आल्या. परकी आक्रमणं बंद करा, सीमा काढून टाका, आरोग्य, घर, अन्न, पाणी हा हक्क माना, तुरुंग रिकामे करा, श्रीमंतांवर ते कंगाल होईपर्यंत कर लावा. वाचताना वाटतं की विद्यार्थी संघटनेचं पत्रक आहे. सगळ्याच मागण्या मला पटतात असं नाही. आणि एक विचित्र गोष्ट होते: मागण्या जितक्या वाढतात तितक्या त्या संगीतापासून सुटून वेगळ्या उभ्या राहतात. पत्रक टेबलावर राहतं, सूर कानात जातात, दोघांची भेट होत नाही. शिवाय आता पाकीट हातात घेतंय कोण? चपटं नाणं, आतली चिठ्ठी, पाठीवरचे बाण, हे सगळं ज्याने तबकडी विकत घेतली त्याच्यासाठी. भाचा मोबाईलवर ऐकतो. त्याच्या स्क्रीनवर एक इवलंसं चौकोनी चित्र असतं आणि नाव.

नाव! मला वाटतं, ४ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या अल्बमने ही गोष्ट पक्की ओळखली. कागद लोकांपर्यंत पोचत नाही ना, मग जे पोचतं तिथेच लिहा. आकडा आत लपवला नाही, शीर्षकच केलं. आता ज्या रेडिओवाल्याला हा अल्बम वाजवायचा आहे त्याला '२८,३४० डेड' असं तोंडाने म्हणावं लागतं. ज्याला परीक्षण लिहायचंय त्याला टाइप करावं लागतं. ज्याला गाझाबद्दल बोलायचंच नाही त्याला बँडचं नाव घेऊन पुढे अडखळावं लागतं. शीर्षकात विशेषण नाही, 'शहीद' नाही, 'निष्पाप' नाही, 'नरसंहार' नाही. गाझाच्या आरोग्य खात्याने मोजलेला आकडा आणि तारीख. बावीस वर्षांपूर्वी तारीख चुकवणाऱ्या याच लोकांनी या वेळी शीर्षकाला दिनांकाचा शिक्का मारला: या दिवसापर्यंत. अल्बम दुकानात आला तेव्हा गाझाचा आकडा ४१ हजारांच्या पुढे गेला होता. म्हणजे शीर्षक पहिल्याच दिवशी जुनं झालं होतं, आणि जुनं होताना वाचणाऱ्याला वजाबाकी करायला लावत होतं.

मी शाळेत मुलांना सांगतो, विशेषणं कमी वापरा. स्वतः मात्र गाझावर दोन लेख लिहिले आणि दोन्ही विशेषणांनी भरलेले. आपले लोक ते वाचून 'सुब्हानल्लाह सर' म्हणाले, बाकी कुणी वाचले नाहीत. हे शीर्षक पाहिल्यावर ते लेख पुन्हा उघडून पाहिले. त्यांत एकही आकडा नव्हता.

संगीत? 'रेनड्रॉप्स कास्ट इन लेड' नावाची रचना आहे, शिशात ओतलेले पावसाचे थेंब. २००८-०९ मध्ये गाझावर झालेल्या इस्रायली कारवाईचं नाव 'कास्ट लेड' होतं, हे ज्याला आठवेल त्याला ते आठवेल. त्यात एका बाईचा आवाज स्पॅनिशमध्ये बोलतो. या बँडच्या तबकडीवर माणसाचं बोलणं बऱ्याच काळाने ऐकू आलं. 'बेबीज इन अ थंडरक्लाउड' हे नाव वाचून मी ती रचना दोन दिवस लावली नाही. लावली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा मऊ निघाली, व्हायोलिन जवळजवळ अंगाईसारखं. रागावून वाजवतील असं वाटलं होतं. शेवटची रचना 'ग्रे रबल, ग्रीन शूट्स', राखाडी ढिगारा आणि हिरवे कोंब. आशेवर शेवट करणं मला बहुतेक वेळा खोटं वाटतं. पण या बँडच्या कार्यक्रमात पहिल्यापासून पडद्यावर फिल्मवर खरवडून लिहिलेला एक शब्द थरथरत असतो, 'होप', आणि खाली तंबोऱ्यासारखा एकच सूर लांबत जातो. तीस वर्षं जे लोक तोच शब्द दाखवतायत, त्यांच्यावर मी तो आरोप करणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये भाच्याचा फोन आला. "मामू, ते लोक स्पॉटिफायवरून गायब झाले." खरंच झाले होते. स्पॉटिफायच्या प्रमुखाने लष्करी तंत्रज्ञानाच्या कंपनीत पैसा गुंतवल्याची बातमी आल्यावर त्या उन्हाळ्यात काही कलाकार तिथून बाहेर पडत होते. गॉडस्पीडनेही आपलं संगीत काढून घेतलं. म्हणजे २००२ च्या पाठपृष्ठावरचा बाण तेवीस वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या दारात येऊन थांबला होता. ज्या स्क्रीनसाठी ते शीर्षक एवढं मोठं झालं होतं, असं मला वाटत होतं, तीच स्क्रीन त्यांनी सोडली. मी भाच्याला म्हणालो, मग आता तो आकडा कुणाला दिसणार? तो म्हणाला, "विकत घ्यायचं, मामू. बँडकॅम्पवर मिळतं."

त्याने घेतलं आणि फाइल मला पाठवली. माझ्या जुन्या फोनच्या स्क्रीनवर ते नाव पूर्ण मावत नाही. तारखेपर्यंत दिसतं. आकडा पाहायला बोटाने सरकवावं लागतं.